लहान मुलांच्या लांबलेल्या उलट्या: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा पहिला पाऊस पडून गेल्यावर आमच्या बालरुग्ण ओपीडीत आणि फोनवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात. प्रश्न शक्यतो पालकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरे सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या, एरवी निरोगी असलेल्या मुलांना धरून लिहिली आहेत. बाळ त्याहून लहान असेल, तर आधी प्रश्न 16 वाचावा.

1. मुलाला कालपासून उलट्या होत आहेत. हा साधा गॅस्ट्रोच आहे ना? किती दिवस चालेल?

गॅस्ट्रो म्हणजे आतड्याचा संसर्ग. लहान मुलांत तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि त्यांत रोटाव्हायरस व नोरोव्हायरस हे दोघे आघाडीवर असतात. त्याचा क्रम बराचसा ठरलेला असतो: आधी उलट्या, सोबत कधी थोडा ताप, आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पातळ जुलाब. उलट्या बहुधा एक-दोन दिवसांत, फार तर तिसऱ्या दिवशी थांबतात. जुलाब मात्र पाच ते सात दिवस रेंगाळतात, काही मुलांत दोन आठवडेही. त्यामुळे "पाच दिवस झाले, अजून पातळच होते" या तक्रारीने मी फारसा दचकत नाही. "चौथा दिवस उजाडला तरी उलट्या आहेत" हे ऐकले की मात्र पालकांना लगेच बोलावून घेतो; त्याची कारणे प्रश्न 15 मध्ये आहेत.

2. उलटी झाली की लगेच पाणी द्यावे, की पोटाला आराम द्यावा?

आराम द्यावा, पण दहा मिनिटांचा, दिवसभराचा नव्हे. त्यानंतर ओआरएस (पाकिटातली क्षार-साखरेची पावडर कालवलेले पाणी) चमच्याने सुरू करावे: पाच मिलिलीटरचा एक चमचा, दर दोन मिनिटांनी. औषधाच्या बाटलीसोबत येणारा मोजचमचा किंवा सुई नसलेली सिरिंज यासाठी चांगली. तहानलेले मूल पेल्यावर तुटून पडते, आईलाही वाटते की पिते आहे तर पिऊ द्यावे, आणि पाच मिनिटांत ते सगळे फरशीवर येते. चिडलेले जठर एकदम ताणले गेले की उलटी होते, चमचाभर पाण्याने ते ताणले जात नाही. सगळी युक्ती एवढीच आहे.

ओपीडीच्या बाकावर बसलेल्या एका आजींनी हे माझ्यापेक्षा चांगले करून दाखवले होते. मांडीवर नातू, डाव्या हातात स्टीलची वाटी आणि नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. नातू वाटीकडे झेपावला की वाटी पदराआड जायची, दोन मिनिटे झाली की चमचा पुढे यायचा. पाऊण तासात वाटी संपली आणि उलटी झाली नाही. हिशेब केला तर या गतीने तासाला 150 मिलिलीटर पोटात जाते, जे बहुतेक लहानग्यांना पुरते.

मध्येच उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटे थांबावे आणि या वेळी तीन ते पाच मिनिटांनी एक चमचा द्यावा. "दिलेले सगळेच बाहेर पडले" असे वाटते, पण त्यातला काही भाग आतड्यात उतरलेला असतो.

3. दिवसभरात एकूण किती ओआरएस द्यायचे?

प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला 50 ते 100 मिलिलीटर आणि त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200 मिलिलीटर, हे साधारण माप आहे. अर्थात तेही चमच्याचमच्याने. पाणी कमी झाल्याची लक्षणे दिसू लागली असतील (प्रश्न 7) तर वजनाच्या दर किलोला 75 मिलिलीटर, म्हणजे दहा किलोच्या मुलाला 750 मिलिलीटर, इतके चार तासांत भरून काढावे लागते. हे दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखाली करणे बरे.

4. मेडिकल स्टोअरमध्ये ओआरएसच्या नावाने खोक्यातली गोड पेये मिळत होती. ती चालतात का?

चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र ठरलेले आहे. एक लिटर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, असे ते आहे. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. जोडीतील साखर फाजील वाढवली की उलटेच घडते: शरीरातील पाणी आतड्यात येते आणि जुलाब वाढतात. त्या खोक्यांत नेमकी साखर जास्त आणि क्षार कमी असत. ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या लेबलवर 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही दुकानात मागताना "पावडरचे, डब्ल्यूएचओ सूत्राचे पाकीट" असे स्पष्ट म्हणावे आणि पाकिटावर ते छापलेले पाहूनच पैसे द्यावेत. सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे हे पाकीट मोफत मिळते.

"एवढ्या स्वस्त पुडीने काय होणार?" असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो की 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याचे मृत्यू पुष्कळ कमी करून दाखवले होते. त्या कामासाठी 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आला.

5. पाकीट कसे कालवायचे? आणि रात्री घरात पाकीटच नसेल तर?

लिटरची पुडी असेल तर ती पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, लहान पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या पाण्यात, बहुधा 200 मिलिलीटर. पाणी उकळून थंड केलेले असावे, पावडर टाकल्यावर पुन्हा उकळू नये, वर साखर घालू नये आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे. सर्वांत धोक्याची आणि सर्वांत नेहमीची चूक म्हणजे लिटरची पुडी एका पेल्यात कालवणे. इतके खारट पाणी पाजल्याने रक्तातील सोडियम वाढून मुलाला झटके येऊ शकतात. "अर्धी पुडी आता, अर्धी उद्या" हेही टाळावे, कारण अर्ध्या पुडीत क्षार सारखे वाटले जातीलच असे नाही. लिटर मोजायला पाण्याची एक लिटरची बाटली घरात असतेच.

पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, असे चालते. चमचा म्हणजे पाच मिलिलीटरचा मोजचमचा, स्वयंपाकघरातला डाव नव्हे.

6. मूल ओआरएसला तोंडच लावत नाही. नारळपाणी किंवा संत्र्याचा रस दिला तर?

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम फार कमी असते, म्हणून अधूनमधून घोटभर चालेल, ओआरएसऐवजी नाही. संत्र्याच्या रसाबद्दल नागपुरात नकार देणे जिवावर येते, तरीही उलट्या आणि जुलाब थांबेपर्यंत तो नकोच. त्यातील साखरेने जुलाब वाढतात आणि आंबटपणा रिकाम्या पोटाला झोंबतो. ग्लुकोज पावडरचे पाणी आणि थंड पेये यांना प्रश्न 4 मधलेच उत्तर लागू आहे.

ओआरएस गार करून पाहावे. बरीच मुले माठातल्यासारखे गार घेतात पण कोमट थुंकतात. कालवलेले ओआरएस साच्यात गोठवून चोखायला देता येते. साळीच्या लाह्यांचे पाणी चिमूटभर मीठ घालून, किंवा भाताची पातळ पेज मीठ घालून, हे आपल्याकडचे जुने उपाय सौम्य आजारात ओआरएसच्या जोडीला खरोखर उपयोगी आहेत.

7. उलट्या दहा झाल्या, बारा झाल्या. किती झाल्या की घाबरायचे?

उलट्यांचा आकडा पालकांना तोंडपाठ असतो आणि लघवी शेवटची कधी झाली, हे विचारले की घरात एकमेकांकडे पाहिले जाते. माझ्या मते मोजायची ती लघवी. बारा उलट्या होऊनही चार-चार तासांनी लघवी करणारे, मधूनच खेळणारे मूल घरी सांभाळता येते. तीनच उलट्या झालेले पण सकाळपासून लघवी न झालेले मूल दवाखान्यात आणावे लागते. सहा ते आठ तास लघवी नाही, किंवा झाली तरी थेंबभर आणि गडद पिवळी, ही धोक्याची खूण आहे. तोंड कोरडे पडणे, रडताना अश्रू न येणे, डोळे खोल जाणे, लहान बाळाची टाळू खचणे, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसणे, हातपाय गार पडणे, याही खुणा तिच्याच जोडीच्या. मूल सुस्त होऊन हाकेला डोळे उघडत नसेल तर ओआरएस कालवत बसू नये, थेट निघावे.

डायपरमध्ये जुलाब आणि लघवी वेगळी कळत नाही, ही तक्रार रास्त आहे. त्या दोन दिवसांपुरते घरी सुती लंगोट वापरावेत, किंवा डायपरच्या पुढच्या भागात स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवून ती तपासावी.

8. मे महिन्यात उलट्या झाल्या तर ती लू लागली म्हणायची की गॅस्ट्रो?

नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) पारा 45 च्या पुढे गेला की दोन्ही शक्य असते, आणि गॅस्ट्रो झालेल्या मुलाचे घामावाटेही पाणी जात असल्याने ते लवकर कोरडे पडते. म्हणून उन्हाळ्यात प्रश्न 7 मधील खुणांसाठी थांबण्याची मुदत मी कमी धरतो. मूल उन्हात किंवा बंद मोटारीत राहिलेले असेल, अंग भट्टीसारखे तापले असेल आणि ते बरळत किंवा गुंगीत असेल, तर तो उष्माघात समजावा. तेव्हा कपडे काढून अंग ओल्या कापडाने पुसत, वारा घालत दवाखाना गाठावा. घरी असताना कूलरचा झोत थेट अंगावर न घेता खोली थंड ठेवणे पुरेसे असते.

9. खायला काय आणि कधी द्यावे?

चार-सहा तास ओआरएस टिकले आणि मुलाने खायला मागितले की द्यावे. मऊ भात आणि मुगाचे वरण, पातळ खिचडी, केळे, दही-भात, ज्वारीच्या कण्या. तिखट तर्री, तळण आणि बिस्किटे राहू द्यावीत. दोन दिवस मुलाने खाल्ले नाही तर फारसे बिघडत नाही, प्यायले नाही तर बिघडते.

10. अंगावरचे दूध बंद करावे का? वरचे दूध?

अंगावरचे दूध अजिबात बंद करू नये, उलट थोडे थोडे, जास्त वेळा पाजावे. डब्याचे दूध नेहमीच्याच प्रमाणात करावे, पाणी वाढवून पातळ करू नये. गाई-म्हशीच्या दुधाबद्दलची एक खास अडचण प्रश्न 18 मध्ये आहे.

11. उलटी थांबवायचे औषध, इंजेक्शन, सलाईन यांपैकी काही लवकर का देत नाहीत?

ऑनडान्सेट्रॉन या औषधाचा एक डोस उलट्या आवरून ओआरएस टिकायला मदत करतो आणि गरज वाटली तर डॉक्टर तो वजनानुसार देतात. मागच्या वेळची उरलेली बाटली काढून, शेजारच्यांच्या सांगण्यावरून तो देऊ नये. मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्या दुसऱ्या औषधाने लहान मुलांची मान-जीभ वाकडी होण्याचे प्रकार होतात. जुलाब रोखणारे लोपेरामाइड लहान मुलांना देऊच नये. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो.

सलाईनबद्दल पालकांचा आग्रह मी रोज ऐकतो. मूल पिऊ शकत असेल तर ओआरएस त्याच तोडीचे काम करते, सुईशिवाय. मूल गळून गेले असेल, पिऊच शकत नसेल किंवा सांगितल्याप्रमाणे चमच्याने देऊनही काहीच टिकत नसेल, तेव्हा सलाईन लावावेच लागते. जुलाब सुरू झाले की झिंक चौदा दिवस द्यायचे असते (सहा महिन्यांवरील मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याखाली दोन महिन्यांपर्यंत 10). मात्र ते रिकाम्या पोटी दिल्यास पुन्हा उलटी होऊ शकते.

तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेन टाळावे, कारण त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. औषध दिल्या दिल्या तसेच उलटून पडले तर एकदा पुन्हा द्यावे, अर्धा तास उलटून गेला असेल तर देऊ नये.

12. घरचे म्हणतात बेंबी सरकली आहे, चोळून घ्या. चालेल का?

बेंबी सरकत नाही. दृष्ट काढायची तर खुशाल काढावी, त्याने वेळेपलीकडे काही जात नाही, पण पोट चोळू नये. प्रश्न 15 मध्ये सांगितलेले आतड्याचे आजार असतील तर चोळण्याने इजा होऊ शकते.

13. घरातल्या सगळ्यांना लागण होते आहे. पाळणाघरात कधी पाठवावे?

शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन 48 तास गेल्यावर. हात साबण-पाण्यानेच धुवावेत, कारण नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. उलटी आधी कागदाने टिपून घ्यावी, मग लेबलवरील प्रमाणात ब्लीचच्या पाण्याने फरशी पुसावी. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

14. रोटाव्हायरसची लस दिली होती, तरी गॅस्ट्रो कसा झाला?

ती लस (दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तोंडावाटे दिली जाते, सरकारी केंद्रात मोफत) रोटाव्हायरसचा गंभीर आजार टाळते. इतर विषाणूंवर ती नसते.

15. चौथा दिवस आहे, उलट्या थांबतच नाहीत. अजूनही गॅस्ट्रोच म्हणायचे का?

नाही, आणि या पानावरचा हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. 'गॅस्ट्रो' हे नाव एकदा चिकटले की घरचेच नव्हे, डॉक्टरसुद्धा पुढचे पाहायचे थांबतात. दोन दिवस नुसत्या उलट्या आहेत आणि जुलाब आलेलेच नाहीत, तर त्या नावाबद्दल शंका घ्यावी. तीन दिवसांपलीकडे उलट्या गेल्या तर पुन्हा तपासून घ्यावेच.

उलटी हिरवी असेल तर दिवस मोजू नयेत. पिवळसर उलटी रिकाम्या पोटी होते, पण पालकाच्या भाजीसारखी हिरवी उलटी आतड्याला पीळ पडल्याची किंवा अडथळा आल्याची खूण असू शकते, ती पहिलीच असली तरी. मूल दर पंधरा-वीस मिनिटांनी कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, मग पांढरे पडून गप्प होते आणि नंतर जेलीसारखी लाल शी होते, तेव्हा आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असू शकतो. हे तीन महिने ते तीन वर्षांच्या मुलांत दिसते. वेळेत आणले तर बहुधा शस्त्रक्रियेविना सुटते.

उलट्या होत असूनही लघवी भरपूर होते, तहान भागत नाही, वजन उतरले आहे आणि श्वास खोल व जोराचा चालतो, तर रक्तातील साखर तपासावी. हा मधुमेहाचा पहिलाच झटका असू शकतो. लघवी मोजा असे प्रश्न 7 मध्ये मी सांगितले, त्याला हा एक मोठा अपवाद आहे. ताप आणि उलट्या पण जुलाब नाहीत, तर लघवीतील संसर्ग. उजवीकडे खाली पोट दुखते तर अपेंडिक्स. मान ताठ, उजेड सोसवत नाही तर मेंदूज्वर. सकाळी उठताच डोकेदुखीसह होणाऱ्या उलट्या, किंवा डोक्याला मार लागल्यानंतरच्या उलट्या, डोक्याच्या आतल्या दाबाकडे बोट दाखवतात. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत डेंग्यूचाही विचार करावा: ताप उतरू लागला आणि नेमक्या तेव्हाच पोटदुखी व उलट्या वाढल्या, तर मूल सुधारत आहे असे समजू नये.

16. बाळ चार महिन्यांचे आहे. हेच सगळे लागू पडते का?

पूर्ण नाही. वारंवार उलट्या होणारे सहा महिन्यांखालील बाळ त्याच दिवशी दाखवावे. दूध पाजल्यावर ओठांतून ओघळते ती गुळणी, उलटी नव्हे. वजन वाढत असेल तर चिंता नको. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाची उलटी कारंज्यासारखी दूर उडत असेल आणि लगेच त्याला पुन्हा भूक लागत असेल, तर जठराच्या पुढच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असू शकतो. त्याला शस्त्रक्रिया लागते आणि ती चांगली यशस्वी होते.

17. रात्री दोन वाजता कुठे न्यावे?

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलेले, रात्री बालरोगतज्ज्ञ असणारे रुग्णालय आधीच ठरवून ठेवावे. नागपुरातील सरकारी रुग्णालयांपैकी मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो शहरात आहेत, एम्स मिहानला. वाहन नसेल तर 108 ला फोन करावा. निघताना उलटीचा किंवा शीचा मोबाइलवर फोटो घ्यावा. "हिरवट होती की पिवळी" हा वाद त्याने मिटतो. वाटेत चमचा चालूच ठेवावा, मात्र मूल गुंगीत असेल किंवा उलटी हिरवी असेल तर तोंडाने काही देऊ नये.

18. बरे झाले होते, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झाले. असे का?

बरे वाटले म्हणून पहिल्याच दिवशी समोसा किंवा पेलाभर म्हशीचे दूध दिले गेले का, हे आधी आठवावे. संसर्गाने आतड्याचे अस्तर सोलवटल्यामुळे दुधातील साखर पचवणारे विकर काही दिवस कमी पडते. दूध घेतले की पोट फुगते, आंबूस वासाचे फसफसते जुलाब होतात आणि कधी उलटीही होते. असे स्पष्ट दिसत असेल तर डॉक्टरांना विचारून आठवडा-दोन आठवडे वरचे दूध थांबवून दही द्यावे, नंतर पुन्हा सुरू करावे. हे तात्पुरते असते. कायमची 'दुधाची ॲलर्जी' असा शिक्का मुलावर मारू नये. दुधाचा काही संबंध नसेल तर पाळणाघरातून आलेला दुसरा विषाणू किंवा प्रश्न 15 मधील कारणे पाहावीत.

19. दर दीड-दोन महिन्यांनी असेच होते. प्रत्येक वेळी गॅस्ट्रो म्हणतात. इतक्या वेळा गॅस्ट्रो होतो का?

पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षात दोन-तीनदा होऊ शकतो. मात्र झटका दर वेळी हुबेहूब तसाच येत असेल, म्हणजे बहुधा पहाटे सुरू होऊन, तासात चार-चार उलट्या, मूल पांढरेफटक, जुलाब नाहीत, घरात दुसऱ्या कुणाला काही नाही, एक-दोन दिवसांत आपोआप शांत आणि मधले आठवडे अगदी ठणठणीत, तर तो चक्राकार उलट्यांचा आजार असू शकतो. मायग्रेनशी त्याचे नाते आहे, आणि आईला अर्धशिशी आहे का, असे मी विचारतो ते त्यामुळेच. मात्र हे निदान शेवटचे. त्याआधी आतड्याचा पीळ, मूत्रपिंडातील अडथळा, चयापचयाचे आजार आणि मेंदूतील कारणे तपासून वगळावी लागतात. येताना एक वही आणावी. तीत प्रत्येक झटक्याची तारीख, सुरू झाल्याची वेळ, उलटीचा रंग, जुलाब होते की नव्हते, आदल्या दिवशीचे जागरण, प्रवास किंवा उपाशी राहणे आणि झटका कशाने थांबला, एवढे लिहिलेले असावे.